युनिकोडचे कोड टाकून टायपिंग: ऑल्टचे आकडे, ऑल्ट-एक्स, लिनक्स, मॅक की सरळ कॉपी-पेस्ट?

मागे एका लांबलचक फाइलमध्ये मला "ॲप" हा शब्द सगळीकडे बदलायचा होता. फाइंड-रिप्लेस मारलं, झालं काम असं वाटलं, आणि शेवटची नजर फिरवताना बघतो तर अर्ध्या पानांवर ॲप जसंच्या तसं बसलेलं. डोळ्यांना दोन्ही अगदी जुळी भावंडं. डोकं खाजवून झाल्यावर त्या अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट धरून एक्स दाबलं, तर एका ठिकाणी ०९७२ उमटलं आणि दुसऱ्या ठिकाणी अ तसाच राहून त्याच्यापुढे ०९४५ आलं. म्हणजे एकाने ॲ हे एक सबंध अक्षर टाइप केलेलं, दुसऱ्याने अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवलेला, आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात या दोघांचं एकमेकांशी काही नातंच नाही, त्यामुळे शोधताना एक सापडतं आणि दुसरं नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की "युनिकोड कोडने टायपिंग कसं करायचं" विचारणाऱ्यांना बहुतेकदा अक्षर आणायचं असतं, आणि माझ्या अनुभवात कोडचा खरा उपयोग अक्षर ओळखायला जास्त होतो. तरी आणायची वेळ येतेच, आणि तेव्हा कुठला रस्ता धरायचा हे तुमच्याकडे मशीन कुठलं आणि काम काय यावर आहे.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: इथे मी आकडे मराठीत लिहितोय आणि ए ते एफ ही अक्षरंसुद्धा मराठीत, पण मशीनला दोन्ही इंग्रजीतच द्यायची. कीबोर्ड मराठीवर असताना कोड टाकायला गेलात तर काही होणार नाही, आणि मग तुम्ही म्हणाल की सांगितलं ते चालत नाही.

तो नंबर नक्की काय असतो ते आधी. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला, चिन्हाला, मात्रेला, इमोजीला एकेक क्रमांक दिलेला आहे आणि तो दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, म्हणजे हेक्समध्ये लिहितात. देवनागरीचा वाडा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, १२८ खोल्यांचा. यातली मजा अशी की व्यंजनं साधारण वर्णमालेच्याच क्रमाने बसवलीत: क ०९१५, ख ०९१६, ग ०९१७, घ ०९१८, ङ ०९१९. मग च कुठे? ०९२० नाही, ०९१ए. कारण हेक्समध्ये ९ नंतर ए, बी, सी, डी, ई, एफ असे सहा अजून येतात आणि मगच दशक बदलतं. च छ ज झ ञ ट हे सगळे ए ते एफ वर बसले, आणि ०९२० ला थेट ठ आला. एवढं डोक्यात बसलं की हेक्सची भीती संपते.

आता विंडोजचा सगळ्यात जुना प्रकार: ऑल्ट धरायचं, उजवीकडच्या नंबर पॅडवर आकडे मारायचे, ऑल्ट सोडायचं. हे आयबीएम पीसीच्या जमान्यापासून चालत आलंय आणि तिथेच त्याचा घोळ आहे, कारण तेव्हा युनिकोड नव्हतं, २५६ चिन्हांचा एक तक्ता होता. आजही ऑल्ट धरून २४८ मारलं तर अंशाचं चिन्ह ° येतं, ते त्या जुन्या तक्त्यातून. आणि ०१७६ मारलं तरी तेच ° येतं, ते विंडोजच्या नंतरच्या तक्त्यातून. पुढचं शून्य विसरून नुसतं १७६ मारलं तर ठिपक्याठिपक्यांची चौकट ░ येते. म्हणजे पुढच्या एका शून्यावर तक्ताच बदलतो. हे कुणी नीट सांगत नाही आणि माणूस नंबर बरोबर असूनही चुकतो.

त्यातून हे आकडे डेसिमल, म्हणजे आपल्या नेहमीच्या दहाच्या मोजणीतले (दशमान) असतात, हेक्स नव्हे. ळ चा युनिकोड ०९३३, पण ऑल्टने आणायचा तर त्याचं दशमान रूप २३५५ हवं. ज्यांनी यादीत ०९३३ बघितलं आणि तेच नंबर पॅडवर बडवलं त्यांना वर्डमध्ये ग्रीकमधला उप्सिलॉन मिळतो, कारण ९३३ या दशमान नंबरावर तो बसलाय. आणि २३५५ बरोबर मारलं तरी ते वर्डसारख्या प्रोग्राममध्येच चालतं. ज्या प्रोग्रामला २५५ च्या पुढचं कळत नाही तो २३५५ ला २५६ ने भागतो आणि बाकी घेतो, बाकी उरते ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजी ३ हा आकडा. ळ मागितला, ३ मिळाला! रुपयाच्या चिन्हाचंही तसंच, ₹ चा कोड २०बी९, दशमान ८३७७, आणि न कळणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याच्या जागी चौकटी आखायच्या रेघांचा एक तुकडा उमटतो. कुणी "माझ्याकडे भलतंच येतंय" म्हणालं की बहुतेक वेळा हीच भागाकाराची भानगड असते.

शिवाय बऱ्याच लॅपटॉपना नंबर पॅडच नसतो आणि वरच्या ओळीतले आकडे यासाठी चालत नाहीत. नमलॉक बंद असेल तरी गडबड. तेव्हा ऑल्टचे आकडे कुणी घ्यावेत? ज्यांच्याकडे मोठा कीबोर्ड आहे आणि ज्यांना °, ½, × अशी चारपाच जुनी चिन्हंच रोज लागतात (०१७६, ०१८९, ०२१५) त्यांनी. हातात बसलं की याच्याइतकं वेगवान काही नाही. देवनागरीसाठी मात्र हा नाद सोडा.

इथे एक गैरसमज काढतो. जुने डीटीपीवाले "ऑल्ट कोड पाठ आहेत" म्हणतात ते वेगळे. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे आणि जी जोडाक्षरं कीबोर्डवर मावत नव्हती ती ऑल्ट आणि शून्याने सुरू होणाऱ्या नंबराने काढायची. तो नंबर त्या फॉन्टपुरता. फॉन्ट बदलला की त्याच नंबरावर भलताच आकार, आणि मजकूर दुसऱ्याकडे गेला की इंग्रजी कचरा. त्या पाठ केलेल्या नंबरांचा युनिकोडशी काडीचा संबंध नाही, त्यामुळे जुनी वही काढून युनिकोड फॉन्टमध्ये ते मारत बसू नका.

दुसरा रस्ता ऑल्ट-एक्स, आणि विंडोजवर वर्ड वापरणाऱ्या कुणालाही मी आधी हाच सांगेन. आधी हेक्स कोड नुसता टाइप करायचा, ९३३, आणि लगेच ऑल्ट-एक्स. कोड जातो, ळ येतो. परत ऑल्ट-एक्स, ळ जातो, कोड येतो. नंबर पॅड नको, दशमानात बदलायला नको, पुढचं शून्य नसलं तरी चालतं. लिब्रेऑफिसमध्येही ५.१ पासून हेच आहे. आणि उलट्या दिशेने चालतं हा त्याचा खरा जीव, सुरुवातीचा तो ॲपचा घोटाळा यानेच सापडला. फक्त मराठीत लक्षात ठेवायचं की हे शेवटच्या एका कोडपुरतं बघतं, पूर्ण अक्षरापुरतं नाही. "कि" च्या पुढे कर्सर ठेवून दाबलं तर क तसाच राहतो आणि ऱ्हस्व वेलांटीचा ०९३एफ तेवढा सुटा होतो. वेलांटी दिसते डावीकडे पण साठवलेली असते क च्या नंतर, हे तेव्हा पहिल्यांदा उमगतं आणि जरा गंमत वाटते.

एक खड्डा आहे. तुम्ही २५ लिहून त्याला चिकटून अंशाचं चिन्ह आणायला बी० टाकलंत आणि ऑल्ट-एक्स दाबलंत, तर वर्ड बिचारा २५बी० हा एकच कोड समजतो आणि अंशाऐवजी एक काळा तिरका चौकोन देतो. आधीचा मजकूर इंग्रजी आकड्यांचा किंवा ए ते एफ मधल्या अक्षरांचा असला की हे होणार. उपाय सोपा, फक्त बी० तेवढं सिलेक्ट करून मग ऑल्ट-एक्स. मराठी अक्षराला चिकटून कोड टाकलात तर हा त्रास होत नाही.

ऑल्ट-एक्सची मोठी उणीव म्हणजे ते ठरावीक प्रोग्रामच्या बाहेर नाही. ब्राउझरच्या चौकटीत नाही, एक्सेलच्या खान्यात नाही. एक्सेलला स्वतःचं आहे, २०१३ पासून युनिचार नावाचं फंक्शन, त्यात २३५५ दिलं की ळ, आणि उलट बघायला युनिकोड नावाचंच दुसरं फंक्शन, जे पहिल्या अक्षराचा दशमान नंबर सांगतं. यादीतल्या नावांत दिसायला सारखी पण आतून वेगळी नावं शोधायची असतील तर हे फार कामाचं. बाकी ठिकाणी काय करायचं? वर्डमध्ये आणायचं, कॉपी करायचं, तिकडे चिकटवायचं. ऐकायला गावंढळ वाटतं पण मी तेच करतो.

विंडोजमध्ये रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंगची वही) एनेबलहेक्सनमपॅड नावाची नोंद घालून ऑल्ट, नंबर पॅडवरचं अधिक चिन्ह आणि मग हेक्स कोड असंही करता येतं, आणि ते बऱ्याच जास्त प्रोग्राममध्ये चालतं. पण ऑल्ट धरून एफ दाबलं की काही ठिकाणी फाइलचा मेनू उघडतो, चार आकड्यांच्या पुढचे कोड म्हणजे बहुतेक इमोजी येत नाहीत, आणि ऑफिसच्या मशीनवर रजिस्ट्रीला हात लावायची परवानगी कुणाला असते. हौस असेल तर करा.

लिनक्सवाल्यांचं बरं आहे. कंट्रोल-शिफ्ट-यू दाबायचं, अधोरेखित यू दिसतो, हेक्स कोड टाकायचा, स्पेस किंवा एंटर. संपलं. आयबस (लिनक्सवरची टायपिंग सांभाळणारी सोय) चालू असेल किंवा जीटीकेवरचा (खिडक्या-बटणं बनवायच्या एका साधनावरचा) प्रोग्राम असेल तर एडिटर, ब्राउझर, चॅट, सगळीकडे तेच. पाच आकडी इमोजीचा कोडही सरळ घेतो, १एफ६०० टाका, हसरा चेहरा हजर. या सगळ्या तुलनेत निव्वळ कोड टाकण्याच्या बाबतीत मी लिनक्सला पहिला नंबर देईन, फक्त उलट बघायची सोय त्यात नाही, आलेलं अक्षर कोणतं हे ते सांगत नाही. आणि विम हा एडिटर वापरणाऱ्यांना कंट्रोल-व्ही, मग यू, मग चार आकडे हे माहीत असतंच, त्यांना मी काय सांगणार.

मॅकवर आधी सेटिंगमध्ये जाऊन इनपुट सोर्समध्ये युनिकोड हेक्स इनपुट नावाचा कीबोर्ड जोडावा लागतो, त्यावर जायचं, ऑप्शन धरून ठेवायचं आणि चार आकडे मारायचे. चारच आणि चारही, म्हणजे इथे ०९३३ मधलं पुढचं शून्य गाळलं तर काही येत नाही. आणि इमोजी हवा असेल तर १एफ६०० चालत नाही, त्याचे दोन तुकडे करून डी८३डी आणि डीई०० असे एकापाठोपाठ द्यावे लागतात, जे कुणीही माणूस लक्षात ठेवत नाही. मराठी कीबोर्डवरून तिकडे उडी, कोड, परत उडी. मॅकवर मी कोडच्या नादी लागायला सांगणार नाही, कंट्रोल-कमांड-स्पेस दाबून जी चिन्हांची खिडकी उघडते तिच्यात नावाने शोधा, बऱ्यापैकी सगळं मिळतं आणि नेहमीचं चिन्ह फेवरिटमध्ये ठेवता येतं.

विंडोजमध्येही तशी खिडकी आहे, विंडोजची की आणि पूर्णविराम. तिथे इमोजीच्या शेजारी चिन्हांचा वेगळा कप्पा आहे, ₹, °, डॅश वगैरे बोटाने निवडता येतात. पण दिसत नसलेली अक्षरं तिथून उचलणं अवघड, आणि तीच आपल्याला लागतात.

इथे जरा रेंगाळतो, कारण मराठी लिहिणाऱ्याला कोडची खरी गरज इथेच पडते. झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडणारा आणि शून्य रुंदीचा तोडणारा. जोडणाऱ्याचा कोड २००डी, तोडणाऱ्याचा २००सी. दोन्ही दिसत नाहीत, जागा घेत नाहीत, पण शेजारच्या अक्षरांचं रूप बदलतात. क, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), ष असं ओळीने आलं की फॉन्ट त्याचा क्ष करतो. मधे तोडणारा टाकला की क चा पाय मोडलेला दिसतो आणि ष वेगळा राहतो. जोडणारा टाकला की अर्धा क आणि पुढे अख्खा ष. व्याकरणाचं काही लिहिताना, मुलांना जोडाक्षर फोडून दाखवताना हे लागतंच, आणि बहुतेक फोन कीबोर्डवर ही बटणं कुठे सापडत नाहीत.

आणि मग आपला तो डोक्यावर न चढणारा र. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक तर शाळेपासून सगळ्यांना माहीत. हा ऱ्य दोन पद्धतीने लिहिता येतो. एक, नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, कोड ०९३१, मग हलंत ०९४डी, मग य. दोन, साधा र, हलंत, जोडणारा २००डी, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. जुन्या मजकुरात दुसरी पद्धत खूप सापडते. निवडायची कुठली? माझं उत्तर ठाम आहे, पहिली. कारण काही वेबसाइट आणि काही प्रोग्राम मजकूर साफ करताना न दिसणारी अक्षरं उडवून टाकतात, आणि जोडणारा उडाला की रफार सरळ डोक्यावर चढतो आणि तुमच्या दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. कुणाच्या लक्षातही येत नाही. ०९३१ मध्ये उडण्यासारखं काही नसतंच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक बटणांची मांडणी) तर त्याला कोडही लागत नाही, जे वर र आणि शिफ्ट-जे वर ऱ. ळ सुद्धा शिफ्ट-एन वर आहे. (हाच जोडणारा चार माणसांच्या इमोजीचं एक कुटुंब करतो, तो उडाला की कुटुंब फुटून चार सुटी डोकी होतात. तिथे निदान दिसतं तरी.)

म्हणून इनस्क्रिप्ट येत असेल किंवा शिकायची तयारी असेल तर मराठी अक्षरांसाठी कोडची गरज जवळजवळ संपते. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे इंग्रजीत लिहून मराठी काढणाऱ्यांना, ऱ, ॲ, ऽ अशा ठिकाणी अडायला होतं, कारण सॉफ्टवेअर अंदाज करतं आणि अंदाज चुकला की हट्टाला पेटतं. त्यांनी ऱ ०९३१, ॲ ०९७२, अवग्रह ऽ ०९३डी, दंड । ०९६४ आणि विसर्ग ०९०३ एवढे चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. विसर्ग मुद्दाम सांगतोय, कारण "दु:ख" मध्ये लोक सर्रास कोलन टाकतात, दिसायला जमतं, पण त्या शब्दाचे कॉम्प्युटरच्या लेखी दोन तुकडे होतात, स्पेलचेकर बोंबलतो आणि ओळीच्या शेवटी कधी कधी शब्द भलत्याच जागी तुटतो. दंडाच्या जागी एंटरच्या वरच्या बटणावरची उभी रेघ टाकणारेही आहेत, ते बदलत्या फॉन्टमध्ये लगेच उघडे पडतात.

वेबपान हाताने लिहिणाऱ्यांसाठी अँपरसँड, हॅश, दशमान नंबर आणि अर्धविराम हा प्रकार आहे, हेक्स द्यायचा तर हॅशनंतर एक्स. जावास्क्रिप्ट आणि जेसनमध्ये उलटी तिरकी रेघ, यू, आणि चार आकडे. पण दिसणाऱ्या अक्षरांसाठी हे कशाला करायचं मला कळत नाही, फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) ठेवा आणि सरळ ळ टाइप करा. जोडणारा-तोडणारा मात्र असा लिहावा, म्हणजे पुढे फाइल उघडणाऱ्याला तो तिथे आहे हे दिसतं तरी. आणि लिंकमध्ये टक्क्याच्या चिन्हांसोबत ई०, ए४, बी३ अशी जी रांग दिसते तो ळ चा युनिकोड कोड नव्हे, ते त्याचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट. ते वर्डमध्ये टाकून ऑल्ट-एक्स मारलंत तर ळ मिळणार नाही.

कॉपी-पेस्टला नावं ठेवायची पद्धत आहे, पण महिन्यातून एकदा लागणाऱ्या चिन्हासाठी तोच सगळ्यात शहाणा रस्ता. फक्त कुठून उचलताय ते बघा. कुठल्या तरी सजवलेल्या पानावरून उचललं की सोबत फॉन्ट, रंग आणि एखादा न दिसणारा पाहुणा येतो. साधा मजकूर म्हणून पेस्ट करा, म्हणजे फॉन्ट-रंग तरी गळतात, पाहुणा मात्र तसाही आत शिरतो. आणि रोज लागत असेल तर वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये घालून टाका, एखादी उगाच न येणारी अक्षरजोडी ठरवायची आणि तिच्या जागी हवं ते चिन्ह. एकदाच कोड शोधायचा त्रास, मग विसरून जायचं.

चौकोनी डबा दिसला तर कोड चुकला असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा त्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसतं. ॲ चा ०९७२ युनिकोडमध्ये २००८ साली आला आणि ₹ २०१० साली, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते कुठून असणार. फॉन्ट बदलून बघा, आणि समोरच्याकडे जुनं मशीन असेल तर निदान पीडीएफमध्ये फॉन्ट घालून पाठवा.

राहिला फोन. तिथे कोड टाकायची सोय नेहमीच्या कीबोर्डमध्ये नसतेच, बटण दाबून धरलं की जे पर्याय निघतात तेवढेच. जे मिळत नाही ते एकदा कॉम्प्युटरवर काढून स्वतःलाच मेसेज करा, तिथून कॉपी करून आयफोनवर टेक्स्ट रिप्लेसमेंटमध्ये किंवा जीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट लावून ठेवा. माझ्या फोनमध्ये असे सहा शॉर्टकट आहेत, त्यातला अवग्रहाचा सगळ्यात जास्त वापरला जातो, आणि तो फक्त "होऽऽऽ" लिहायला.